पावसाआधीची पन्हळ: साफसफाई, डागडुजी आणि पाण्याची परीक्षा

छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरमागे एक लिटर पाणी जमतं. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि तासाला ५० मिलिमीटरची जोरदार सर धरली, तर तासाभरात ५,००० लिटर, म्हणजे मिनिटाला ८० लिटरच्या वर पाणी वळचणीला येऊन ठेपतं. वीतभर रुंदीच्या पन्हळीतून आणि मनगटाहून थोड्या जाड पाइपातून हे सगळं निमूट खाली जावं, अशी आपली अपेक्षा असते. बहुतेक वेळा ते जातंही. पण पाइपाच्या तोंडाशी मूठभर पाला अडकला की हिशेब बिघडतो. पाणी पुढच्या कडेवरून सांडलं तर निदान दिसतं तरी. मागच्या कडेवरून गेलं तर ते वाशांच्या टोकांवरून भिंतीत उतरतं, आणि घरमालक कौलं किंवा पत्रे बदलत गळती शोधत बसतो.

उन्हाळा सरता सरता पन्हळ साफ करायची असते हे बहुतेकांना माहीत असतं. पाला काढतात, खराटा फिरवतात, उतरतात. माझ्या मते हे अर्धंच काम झालं. पन्हळ साफ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, पाणी सोडल्यावर ठरतं. हाताशी वेळ कमी असेल तर घासपूस कमी करा, पण पाण्याची परीक्षा टाळू नका.

मुहूर्त कोणता

मोठं काम पावसाच्या साधारण तीन-चार आठवडे आधी काढावं. तेव्हा पाला कोरडा आणि हलका असतो, चिखल तडकून पापुद्र्यासारखा सुटतो. तोच कचरा एक सर पडल्यावर कित्येक पट जड होतो आणि हाताला चिकटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सीलंट (फटी बुजवायचा लेप), प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग यांना कोरडी जागा लागते आणि सुकायला निवांत दिवस लागतात. आभाळ भरून आल्यावर केलेली डागडुजी पहिल्याच आठवड्यात सुटते.

मात्र एवढ्या आधी काम केलं तर मधल्या काळात वारा पुन्हा पाला आणून टाकतो. म्हणून पाऊस तोंडावर आला की एकदा वर डोकावून पाइपांची तोंडं तेवढी मोकळी करायची. या दुसऱ्या फेरीला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही.

उन्हाळ्यातच हे करण्यामागे आगीचंही कारण आहे. पन्हळीतला वाळका पाला म्हणजे छपराच्या कडेला रचून ठेवलेलं सरपण. जवळपास वणवा लागला किंवा कुणी कचरा पेटवला तर उडून आलेली ठिणगी तिथेच धरते, आणि वाशांची टोकं लगेच वर असतात.

वेळ सकाळची. दुपारी पत्र्याच्या पन्हळीला हात लावता येत नाही आणि शिडीवर चक्कर येणं परवडणारं नाही. प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या पन्हळीसाठी सकाळ निवडण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

शिडी लावण्याआधी खालून फेरी

घराभोवती एक चक्कर मारा, हात मोकळे ठेवून. गेल्या पावसाने आपल्या खुणा भिंतीवर ठेवलेल्या असतात. पन्हळीच्या जोडाखाली उभा काळपट ओघळ असेल तर तो जोड गळतो. भिंतीच्या वरच्या भागात, पन्हळीच्या मागेच, रंगाला फोड आले असतील तर पाणी मागच्या कडेवरून गेलं आहे. जमिनीवर पागोळ्या पडून मातीत एका रेषेत खळगे झाले असतील, तर तेवढ्या लांबीत पन्हळ भरून वाहत होती. एकाच जागी खोल खड्डा आणि भिंतीवर चिखलाचे शिंतोडे असतील तर बहुधा पन्हळीला तिथे पोट आलं आहे.

आता लांब उभं राहून पन्हळीची खालची कड छपराच्या कडेशी ताडून पाहा. उतार पाइपाकडे हवा, आणि तो एकसारखा हवा. मध्येच झोक दिसला तर ती जागा खडूने भिंतीवर खुणावून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर आणखी बरं. वर गेल्यावर खालून काय दिसलं होतं ते आठवत नाही.

हाताशी काय असावं

अरुंद खुरपी किंवा प्लास्टिकचा डबा तिरका कापून केलेलं सुपलं (धातूच्या पन्हळीवर धातूची धारदार खुरपी चालवली की जस्ताचा थर खरवडला जातो, म्हणून प्लास्टिक बरं), आकडा लावलेली बादली, नायलॉनचा ताठ ब्रश, लांब नळी, जाड हातमोजे, डोळ्यांवर चश्मा, तोंडावर मास्क आणि एक खडू. डागडुजीचं सामान पहिल्या दिवशी आणूच नका. काय लागणार हे पाणी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि आधी आणलेलं सीलंट वापरायची हौस मात्र येते.

हातमोजे टाळू नका. पन्हळीत पत्र्याच्या कडा, स्क्रूची टोकं, विंचू, गांधिलमाशीची पोळी, उंदरांची लेंडं, काहीही असू शकतं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो हाताच्या जखमेतून शरीरात शिरतो. पक्ष्यांची विष्ठा साठली असेल तर ती कोरडी खरवडू नये. धुळीतून बुरशीचे कण फुप्फुसात जातात. आधी पाणी शिंपडून भिजवायची, मग काढायची. आणि घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर तेवढा तुकडा सोडून काम करा, पिल्लं उडाली की परत या.

शिडी

या कामात माणसं जखमी होतात ती खुरप्याने नव्हे, शिडीवरून पडून. तेव्हा इथे जरा रेंगाळू.

शिडीचा कोन ठरवण्याची सोपी रीत आहे: टेकण्याची जागा चार मीटर उंच असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून एक मीटर दूर. चारास एक. याहून उभी लावली तर ती मागे कलंडते, जास्त आडवी लावली तर पाय घसरतात. छपरावर चढून जायचं असेल तर शिडीचं टोक कडेच्या वर मीटरभर यायला हवं, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं.

शिडी पन्हळीवर टेकवू नका. पीव्हीसीची पन्हळ उन्हाने ठिसूळ झालेली असते, ती तडकते; पत्र्याची चेपते आणि नेमकी तिथेच पाणी साठायला लागतं. भिंतीवर टेकून शिडी पन्हळीपासून लांब ठेवणारे आडवे हात मिळतात, ते लावा. तशी सोय नसेल तर पन्हळीच्या खाली, भक्कम भिंतीला टेकवा. खाली जमीन मऊ असेल तर पायांखाली रुंद फळी घाला. विटांचे तुकडे रचून उंची वाढवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

वर असताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम राहिले पाहिजेत. म्हणूनच बादलीला आकडा लावायचा, ती हातात धरायची नाही. कमरेचा पट्टा शिडीच्या दोन्ही दांड्यांच्या आत राहील एवढाच बाजूला झुका. आणखी एक हात लांबचा पाला काढायचा मोह होतो. तेव्हा खाली उतरून शिडी सरकवा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. खाली एक माणूस उभा असलाच पाहिजे, आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये नको.

घरात येणारी विजेची तार बऱ्याचदा वळचणीजवळूनच आत शिरते. ॲल्युमिनियमची शिडी उचलून उभी करताना तिचं टोक कुठे जातं ते आधी बघा. तारेपासून तीन मीटरच्या आत शिडी नेऊ नका. तार कामाच्या जागेवरच असेल तर वीजपुरवठा बंद करून घ्या किंवा ते काम जाणकारावर सोपवा.

छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यावर पाय ठेवू नका. जुना सिमेंट पत्रा वरून धड दिसतो आणि माणसाच्या वजनाने फुटतो. शिवाय जुन्या पत्र्यांत आणि सिमेंटच्या पन्हळींत ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासणं, कापणं, त्याला भोकं पाडणं किंवा जोरदार फवाऱ्याने धुणं यांतून घातक तंतू हवेत उडतात. असं छप्पर असेल तर पाला भिजवून हलक्या हाताने उचला आणि पुढची दुरुस्ती स्वतः करू नका. दुमजली घराची वरची पन्हळ, उंचीची भीती, पाठीचं दुखणं यांपैकी काहीही असेल तर माणूस बोलावलेला बरा. तुम्ही खालून पाण्याची परीक्षा घ्या.

कचरा काढणं, आणि तो वाचणं

सुरुवात पाइपाच्या तोंडापासून करा. तोंडात जाळीचा गोळा किंवा चिंधी बसवून ते आधी बंद करायचं, म्हणजे वरचा कचरा ढकलताना पाइपात पडत नाही. मग तोंडाकडून लांब टोकाकडे सरकत जा, कचरा सुपल्यात ओढून बादलीत. कचरा खाली फेकला की भिंती बरबटतात आणि खालचा मदतनीस वैतागतो. पाला नुसता असेल तर झाडांच्या बुंध्याशी टाकता येतो. रंगाचे पापुद्रे किंवा पत्र्याचा गंज मिसळलेला असेल तर मात्र बागेत नको.

बादली रिकामी करण्याआधी तिच्यात काय आलं ते पाहा. तळाशी जाड वाळूसारखे कण असतील तर कौलांची किंवा छपराच्या थराची झीज होत आहे. तपकिरी भुगा आणि पत्र्याच्या पातळ खपल्या म्हणजे पन्हळीचा तळ आतून गंजतो आहे; तिथे बोटाने दाबून बघा, पत्रा दबला तर समजा भोक पडायच्या बेतात आहे. सिमेंटचे पांढरट तुकडे दिसले तर कोपऱ्यावरची किंवा कौलांच्या कण्यावरची लिंपण सुटली आहे, आणि ते काम पन्हळीच्या आधी करावं लागेल. ओला काळा गाळ, तोही ऐन उन्हाळ्यात, एकाच ठिकाणी सापडला तर तिथे पाणी साठून राहतं हे पाणी न सोडताच कळलं.

वड, पिंपळ, उंबर यांची रोपं पन्हळीत उगवलेली दिसतील. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि गाळात रुजतं. रोप दोन-चार पानांचं असतानाच मुळासकट ओढून काढा. मूळ पन्हळीमागे भिंतीच्या फटीत शिरलं असेल तर नुसतं वरून खुडून उपयोग नाही, ते पुन्हा फुटतं आणि दुसऱ्या वर्षी फट रुंदावते. फट खरवडून मूळ पूर्ण काढायचं आणि मग ती जागा भरायची.

गाळ निघाला की ब्रशने तळ घासा, थोडं पाणी आणि साधा साबण पुरे. आम्ल किंवा कॉस्टिक सोडा वापरू नका. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. आम्ल जस्ताचा थर उतरवतं. आतून आरशासारखं चकचकीत करण्याची गरज नाही, पाण्याला अडवेल असं काही राहिलं नाही की झालं.

उभा पाइप

पन्हळ लख्ख आणि पाइप तुंबलेला, ही जोडी फार वेळा भेटते. वरून थोडं पाणी सोडा आणि खालच्या तोंडाशी थांबा. पाणी लगेच, तेवढ्याच जोराने आलं तर ठीक. थेंब थेंब आलं किंवा वर पाणी चढू लागलं तर पाइप कुठेतरी अडला आहे. बोटाच्या पेराने पाइप वरपासून खालपर्यंत ठोकत या: मोकळा भाग पोकळ वाजतो, भरलेला बद्द. अडथळा बहुतेकदा वरच्या बाकात असतो, जिथे पाइप वळचणीकडून भिंतीकडे वळतो, नाहीतर अगदी तळाशी.

तो काढायचा खालून. नळी खालच्या तोंडातून वर सारा आणि पाणी सोडा; वरून जोर दिला तर पाला आणखी ठासला जातो. नळीने हटला नाही तर प्लंबरची लवचीक स्प्रिंग वापरा. तारेचा आकडाही चालतो, पण पीव्हीसीच्या जोडात तो अडकून जोडच ओढून काढतो, सांभाळून. शेवटचा उपाय म्हणजे बाक सोडवून हाताने साफ करणं. बरेच बाक नुसते एकात एक बसवलेले असतात, चिकटवलेले नसतात, तेव्हा कापायची घाई करू नका. पाइप जमिनीखालच्या नळात जात असेल तर तिथला जोड उघडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, नाहीतर दोष कुणाचा हे कळतच नाही.

पाइपाचे क्लॅम्प हलवून बघा. भरलेला पाइप जड होतो आणि सैल क्लॅम्प भिंतीतला स्क्रू ओढून काढतो.

पाण्याची परीक्षा

हे काम अगदी पहाटे करा, पन्हळ थंड असताना. पीव्हीसी उन्हाने वाढतं आणि गारव्याने आखडतं: चार मीटरच्या तुकड्याची लांबी २० अंशांच्या फरकाने जवळपास ५ मिलिमीटरने बदलते. दुपारी तुकडे फुगून जोड घट्ट दिसतात. पहाटे त्यांच्यात फट पडलेली असते. पाऊस पडतो तेव्हा हवा गारच असते. म्हणून परीक्षा गारव्यात.

पाइपापासून सर्वांत लांबच्या टोकाला नळी ठेवा आणि आधी मंद धार सोडा. पाणी कसं सरकतं ते पाहत राहा. ते सलग पुढे जातं, की मध्ये थबकून एखादं डबकं भरल्यावरच पुढे निघतं? पाच-दहा मिनिटांनी नळी बंद करा आणि पाणी ओसरू द्या. पंधरा मिनिटांनी जे साठलेलं उरेल त्याच्या दोन्ही कडांवर पन्हळीच्या बाहेरून खडूची खूण करा. नखभर खोल ओल चालते. बोटाचं पेर बुडेल एवढं पाणी उरलं तर उतार सुधारावा लागेल.

साठलेलं पाणी गंज आणतंच, पण त्याहून वाईट म्हणजे डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास अशाच स्वच्छ, उथळ, साठलेल्या पाण्यात होते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या कडेला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. तळ आणि कडा ब्रशने घासायच्या त्या यासाठीसुद्धा.

आता गळती. धार चालू असताना मदतनिसाने प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर लगेच दिसते. टोकाची टोपी, पाइपाच्या तोंडाची गळपट्टी, कोपऱ्याचा तुकडा आणि स्क्रूची प्रत्येक जागा, असं सगळं बघायचं. मागची बाजू विसरू नका. तिथे कागद आत सरकवून काढा.

इथवर सगळं ठीक दिसलं की बहुतेक जण नळी गुंडाळतात. पण बागेतली नळी मिनिटाला फार तर १५-२० लिटर देते आणि सुरुवातीला हिशेब केला त्या सरीत ८० च्या वर पाणी येतं. नळीने पास झालेली पन्हळ सरीत नापास होऊ शकते. म्हणून दोन-तीन बादल्या भरून ठेवा आणि पाइपाच्या तोंडाजवळ एकामागून एक भराभर ओता. पाणी चढून कडेवर आलं तर पाइप अपुरा आहे किंवा अजून अर्धवट अडलेला आहे. छपराचे दोन उतार आतल्या कोपऱ्यात मिळत असतील तर तिथेही एक बादली छपरावरूनच सोडा. त्या कोपऱ्यात दोन्हीकडचं पाणी एकत्र येऊन पन्हळीवरून उडी मारून पुढे जातं. तिथे पुढच्या कडेला वीतभर उंच पत्र्याचा आडोसा लावला की काम भागतं.

उतार सुधारणं

दर तीन मीटरला ६ ते १० मिलिमीटर उतार पुरतो. नऊ मीटर लांबीच्या पन्हळीला ८ च्या हिशेबाने २४ मिलिमीटर, म्हणजे खालून पाहणाऱ्याला जाणवणारही नाही इतका. यापेक्षा खूप जास्त दिला तर एका टोकाला पन्हळ छपराच्या कडेपासून इतकी खाली जाते की पाणी वाऱ्याने बाहेर उडतं. बारा मीटरच्या पुढची लांबी असेल तर मधून दोन्हीकडे उतार आणि दोन पाइप ही रचना बरी.

वरच्या टोकाला एक खिळा, पाइपाच्या टोकाला हिशेबाइतका खाली दुसरा, आणि दोघांमध्ये दोरी ताणून बांधा. खिळ्यांची उंची जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी सर्वांत भरवशाची. छपराची कड सरळ असेलच असं नाही, तिच्यावरून माप घेऊ नका. मग खडूच्या खुणांपाशी ब्रॅकेट ढिले करून दोरीला लावत जा.

पोट येण्याचं मूळ कारण बहुधा ब्रॅकेटांमधलं अंतर असतं. दहा सेंटिमीटर रुंद, तेवढीच खोल आणि दहा मीटर लांब पन्हळ तुंबून भरली की तिच्यात १०० लिटर, म्हणजे १०० किलो पाणी लटकतं. जिथे पाऊस मोठा तिथे दर ६० सेंटिमीटरला एक ब्रॅकेट हवा. ९० हून जास्त अंतर कुठेच नको. जुन्या भोकात स्क्रू फिरत असेल तर तोच आणखी ठोकून भागत नाही. ब्रॅकेट चार बोटं बाजूला सरकवून नवीन भोक घ्या. फळी किंवा वाशाचं टोक कुजलेलं असेल, स्क्रूड्रायव्हर खुपसला तर आत जात असेल, तर आधी लाकूड बदला.

गळके जोड आणि भोकं

जोडाच्या बाहेरून सीलंट थापणं ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती. पाणी आतून दाब देतं आणि थर सुटतो. दुरुस्ती आतूनच. जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग सलग एकच धार देऊन बोटाने दाबून पसरवा. पत्रा तापलेला असताना हे करू नका, वरचा पापुद्रा लगेच धरतो आणि आत बुडबुडे राहतात; ती बाजू सावलीत आल्यावर करा. नंतर किमान एक दिवस पाणी नाही.

सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो त्या प्रकारातलं आम्ल जस्ताच्या थराला लागतं. पीव्हीसीच्या पन्हळीत जोड रबरी पट्टीवर बसतात. तिथे सिलिकॉनने चिकटवून टाकलं तर तुकड्यांना वाढा-आखडायला जागा उरत नाही आणि पन्हळ दुसरीकडे तडकते. रबर कडक झालं असेल तर बदला, मळलेलं असेल तर पुसून साबणाचं पाणी लावून परत बसवा. जोडाच्या आत बऱ्याचदा एक रेघ असते, तुकडा तिथपर्यंतच सारायचा, पार टेकवायचा नाही.

लहान भोकावर त्याच धातूचा तुकडा आतून, सीलंटमध्ये बसवून रिव्हेट करा. ‘त्याच धातूचा’ हे महत्त्वाचं: जस्ती पत्र्याला किंवा ॲल्युमिनियमला तांब्याचा तुकडा लावला तर ओलीत तांबं शेजारचा धातू खाऊन टाकतं. एकाच तुकड्यात तीन-चार भोकं दिसली तर ठिगळं लावत बसू नका, तेवढा तुकडा बदला.

गंज नुसता वरवर असेल तर तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त प्रायमर, मग आतून बिटुमेनचा, म्हणजे डांबरी रंग. छपराचं पाणी साठवून घरात वापरणार असाल तर बिटुमेन नको, पाण्यासाठी सुरक्षित असा रंग मागून घ्या. नव्या कोऱ्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट लावला की वर्षा-दोन वर्षांत सोलून निघतो, त्याला एच प्रायमर (etch primer, जस्तावर पकड धरणारा) आधी लागतो.

जाळी लावावी का

विकणारे सांगतात तशी जाळी लावली की पन्हळ साफ करावी लागत नाही, हे खरं नाही. मोठ्या पानांचं झाड शेजारी असेल तर जाळीचा फायदा होतो. बारीक पानं, फुलांचा चुरा, सुरूच्या सुया मात्र जाळीवर थर धरतात आणि पाणी वरूनच निसटतं. बारीक विणीची जाळी गाळ अडवते, पण ती छपराच्या उतारात बसवावी लागते आणि वर्षातून एकदा झाडावी लागते. फोमचे तुकडे पन्हळीत भरण्याचा प्रकार मला मुळीच पटत नाही. त्यात गाळ अडकून रोपं उगवतात.

कमी कटकटीचा उपाय पाइपाच्या तोंडात तारेचा फुगीर गोळा बसवणं. पाला त्याच्याभोवती जमतो, पाणी वरच्या भोकांतून जातं. सपाट जाळी नको, एका रुंद पानाने ती झाकली जाते. वळचणीवर आलेल्या फांद्या छाटणं या सगळ्याहून उपयोगी.

पाणी खाली उतरल्यावर

पाइप जोत्याशीच सुटत असेल तर वरची सगळी मेहनत पायात मुरते. पाइपाला आडवा तुकडा लावून पाणी भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब सोडा, आणि जमिनीचा उतार घरापासून दूर ठेवा. टाकीत घेत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय करा. छपरावरची धूळ, विष्ठा आणि ताज्या सीलंटचे अंश त्यातच असतात. १०० चौरस मीटर छपरासाठी पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस, म्हणजे १०० ते २०० लिटर सोडून द्यावेत. टाकीच्या तोंडाला डास न शिरतील अशी बारीक जाळी.

सपाट गच्ची असेल तर

पन्हळ नसली तरी पाण्याचा हिशेब तोच. गच्चीच्या कोपऱ्यातली जाळी उचलून तिच्याखालचा गाळ काढा, जाळीवरचा नुसता नाही. मग गच्चीभर पाणी सोडा. दोन दिवसांनंतरही जे डबकं उरतं तिथे उतार चुकला आहे. कठड्यात पाणी बाहेर पडायला वेगळं वरचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा. पाइप तुंबला की गच्चीचा तलाव होण्यापासून तेच वाचवतं, आणि कुंड्या बहुतेक वेळा नेमक्या त्याच्यासमोर ठेवलेल्या असतात.

पहिली सर

पहिला जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन एकदा घराभोवती फिरा. शिडी नको. पन्हळीच्या कोणत्या भागातून पागोळ्या पडतात, पाइपाच्या तोंडाशी पाण्याचा जोर किती, भिंतीवर नवा ओघळ येतो का, एवढं पाहून फोटो काढा. पहिल्या काही सरींत छपरावरचा वर्षभराचा कचरा पन्हळीत उतरतो, त्यामुळे त्यानंतर पाइपांची तोंडं पुन्हा एकदा बघावी लागतात. काही गळताना दिसलं तर ओल्या पत्र्यावर सिलिकॉन लावत बसू नका, ते धरत नाही. बादली ठेवा, जागा खुणावून घ्या, आणि दोन दिवसांची उघडीप मिळाली की जागा पुसून, सुकवून दुरुस्ती करा.